तुम्ही विचारलंत म्हणून: बोटातली चव

"तिघीजणींवरून तीस जणींवर गेलात, तेव्हा सगळ्यात जड काय गेलं? भांडवल?" माझ्या चकलीच्या कारखान्यात कुणी आलं की हा प्रश्न ठरलेला. नव्यानं धंद्यात पडलेली मुलंमुली तर हमखास विचारतात.

पैशाची ओढाताण झालीच. एका मोठ्या दुकानसाखळीनं दिवाळीच्या मालाचे पैसे चार महिन्यांनी दिले. लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावेत, असं 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता बिलावर उद्यम क्रमांक, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, आणि मुदत दोन्ही छापते.

पण खरा जड गेला तो माझा हात. मोहन घालून पिठाची मूठ वळून बघायची, बोट दाबून पाणी ठरवायचं. आईकडून ते तसंच आलं होतं. ऑर्डर तिप्पट झाल्या, दोन जागी पीठ भिजायला लागलं आणि मी तर एकाच जागी असायचे. दुसरीकडे मोहन जास्त पडलं, चकल्या तेलात विरघळल्या. चाळीस किलो पीठ वाया. मी बायकांवर चिडले. त्यांतल्या वयानं मोठ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमचं बोट आमच्याकडं कुठंय? ते वहीत लिहा."

मग पंधरा दिवस मी अंदाजानं घालायचे आणि मावशी काट्यावर मोजून लिहायच्या. किलोला तेल किती, पाणी किती, कुठली डाळ किती मिनिटं भाजायची. माझ्याकडचं काहीतरी कुणी काढून नेतंय असं वाटायचं. एकदा रडलेसुद्धा.

त्याच दिवसांत लिज्जतकडे नव्यानं पाहिलं. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. आज हजारो बहिणी आपापल्या घरी पापड लाटतात, पण मळलेलं पीठ शाखेतूनच नेतात. आम्हीही भाजणी एकाच खोलीत आणली. मोजलेल्या पिशव्या आणि तेलाचं माप तिथून जातं, सोऱ्या दोन्हीकडे चालतो.

गेल्या पावसाळ्यात वहीत मावशींच्या अक्षरात एक ओळ दिसली: "हवा दमट, पाणी अर्धी वाटी कमी." मला विचारलं नव्हतं. त्या दिवशीची चकली मी चाखली आणि ओळ तशीच राहू दिली.