मुलांना लिहिलेलं पत्र

अण्णा गेल्यावर त्यांच्या कपाटात एक वही सापडली. विम्याचा हप्ता कधी, किल्ल्या कुठे, कोणाचं किती देणं, कोणाकडून किती येणं, सगळं त्यांच्या रेखीव अक्षरात. आम्हा भावंडांना कशासाठी धावपळ करावी लागली नाही. पण ऐन चाळिशीत त्यांनी चांगली चाललेली नोकरी का सोडली, ते त्या वहीत नव्हतं. आई आधीच गेलेली. आता ते सांगणारं कोणी उरलेलं नाही. मुलांना पत्र लिहायचं मी तेव्हाच ठरवलं.

माझं मृत्युपत्र झालेलं आहे, साक्षीदारांच्या सह्यांसकट. हे पत्र निराळं. त्याला कायद्याचं बळ नाही, म्हणून मालमत्तेचा एक शब्दही मी त्यात येऊ दिला नाही. 'बांगड्या तूच ठेव' असं मायेने लिहिलेलं वाक्य मृत्युपत्राशी जुळलं नाही, तर बहीणभावांत तेवढ्यावरूनही वितुष्ट येतं.

अशी पत्रं लिहायची रीत ज्यू लोकांत फार जुनी. बाराव्या शतकात यहुदा इब्न तिब्बोन या वैद्याने, तो अनुवादकही होता, आपल्या मुलाला, शमुएलला, असंच लांबलचक पत्र लिहिलं. ग्रंथ कसे जपावेत, अरबी लिहिण्याचा सराव कसा ठेवावा, असं बरंच काही त्यात आहे. आणि वारंवार तक्रार आहे की तू आळस करतोस, माझं ऐकत नाहीस. पुढे याच शमुएलने मैमोनिडीज या ज्यू विचारवंताचा तत्त्वज्ञानावरचा मोठा ग्रंथ अरबीतून हिब्रूत आणला. 1204 मध्ये ते काम पुरं झालं. बापाची नाराजी मात्र कागदावर तशीच राहिली आणि आठशे वर्षांनंतर आपणही ती वाचतो. त्या बापाची कळकळ मला समजते. पण गेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही. रुसवेफुगवे, राहून गेलेली भांडणं जी काही असतील ती हयातीत, समोरासमोर मिटवावीत. पत्रात नकोत.

उपदेशही मी लिहिला नाही. 'प्रामाणिक राहा, तब्येत सांभाळा' हे कोणाचीही आई लिहील. जे फक्त मलाच ठाऊक आहे तेवढंच लिहायचं, असं ठरवलं. लग्नानंतर मी शिक्षण पुन्हा का सुरू केलं, दुसऱ्या शहरातली बढती का नाकारली, तेव्हा घरात कोण काय म्हणालं. आणि मुलांना त्यांच्या लहानपणी मी पाहिलं ते, कारण स्वतःचं तसं रूप त्यांना आठवणं शक्यच नाही. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मुलगी शाळकरी होती. दुपारी आजीच्या उशाशी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. निधनवार्तांचं पान आलं की जराही न अडखळता पुढचं पान उलटायची. तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. मी दारातून बघत असे. तिच्या पत्रात पहिलं हेच लिहिलं, आणि खाली एवढंच, की तुझ्या स्वभावाची ओळख मला त्या दुपारी झाली.

दोघांना दोन वेगळी पत्रं आहेत. एकच पत्र सगळ्यांना लिहिलं की ते भाषणासारखं होतं.

काय लिहावं ते सुचत नसेल तर कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांची पद्धत उपयोगी पडते. आयुष्याच्या अखेरीला आलेल्या रुग्णांना ते विचारतात: आयुष्यातलं सर्वात जास्त काय आठवतं? जगतोय असं खऱ्या अर्थाने कधी वाटलं? घरच्यांना तुमच्याबद्दल काय माहीत असावं? उत्तरं ध्वनिमुद्रित करून, लिहून काढून, नीट लावून रुग्णाच्या हाती देतात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 100 रुग्ण होते आणि त्यातल्या 91 टक्के लोकांनी समाधान व्यक्त केलं. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे किंवा हात थरथरतो, त्यांनी असंच नातवंडांसमोर बोलावं आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करावं.

मी हातानेच लिहिलं. अक्षरात माणूस असतो, आणि अण्णांच्या वहीत मला निदान तेवढं तरी मिळालं. प्रत्येक पत्रावर तारीख घातली, कारण काही वर्षांनी माझं मत बदलू शकेल. पानांना स्टेपल मारलं नाही, ते गंजतं. लॅमिनेशनही नाही केलं. फोटो काढून दोन ठिकाणी ठेवले. घराण्यातल्या दुखण्यांची माहिती मात्र पत्रासाठी राखून ठेवली नाही. ती त्यांच्या डॉक्टरांना आजच हवी, म्हणून दोघांना तोंडीच सांगून टाकली.

मुलाने त्याचं पत्र वाचलं. त्याच रात्री त्याचा फोन आला, ती बढती नेमकी कशामुळे नाकारलीस ते आणखी सांग म्हणून. पत्रात लिहिलं होतं त्याहून आम्ही बरंच जास्त बोललो. मुलीचं पत्र पुढच्या भेटीत तिच्या हातात देणार आहे.