दिवसभर वाचते, तरी पेपरात आठवत नाही

अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते म्हटल्यावर, पालकसभा असो की लग्नाचा हॉल, एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, पोरगी दिवसभर पुस्तक घेऊन बसते, पण पेपरात काही आठवत नाही. स्मरणशक्ती वाढायला काय द्यावं?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काही देऊ नका. अशा बहुतेक मुलामुलींची स्मरणशक्ती चांगली असते, अभ्यासाची पद्धत चुकते.

ती वाचते कशी, ते एकदा शेजारी बसून बघा. धडा उघडलेला, हातात पिवळा हायलायटर, ओळ रंगवली की पुढे. तिसऱ्या वाचनाला प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं आणि ती म्हणते, "झालं माझं." पण समोरचं ओळखणं वेगळं आणि समोर नसलेलं आठवणं वेगळं. पेपरात दुसरं लागतं, आणि त्याचा सराव घरी झालेलाच नसतो.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. त्यांचा निबंध २००६ सालचा. एका गटाने उतारा चारही सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत, उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच! मला या प्रयोगातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाचून मिळणारा आत्मविश्वासच मुलांना फसवतो.

विसरण्याचीही धास्ती घेऊ नका. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुरुवातीला विसरणं झपाट्याने होतं, मग मंदावतं. उजळणी एका दिवसात उरकण्यापेक्षा काही दिवसांत विभागलेली बरी, हेही त्याला दिसलं होतं.

आपल्याकडे आज्या पाढे असेच घ्यायच्या. ओळीने म्हणून झाले की मध्येच "सात नवे?" नातवंडाला उत्तर शोधावंच लागायचं.

तुम्ही तेच करा. धडा तुम्हाला कळला नाही तरी चालेल. पुस्तक तुमच्या हातात घ्या आणि म्हणा, "काय वाचलंस, सांग." ती अडखळेल. लगेच सुचवू नका, थोडं थांबा. आठवायला जी ओढाताण होते, तिचाच उपयोग होतो. मग राहिलेलं दाखवा, आणि दोन दिवसांनी तेच परत विचारा.