पेटी गाडीत चढते ती वेळ

३० ऑगस्ट १९९९ रोजी पूर्व तिमोरमध्ये मतदान सकाळी साडेसहाला सुरू होणार होतं. उजाडायच्या आतच डोंगरातल्या आमच्या केंद्राबाहेर रांग लागली होती. माणसं रात्रभर चालत आली होती आणि बऱ्याच जणांच्या अंगावर ठेवणीतले कपडे होते. रांग बघून बरं वाटलं, पण गोळी सुटली तर इतकी माणसं कुठल्या बाजूने पळतील हाही हिशेब डोक्यात सुरू झाला. आपल्याकडे केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेल्या माणसाला गर्दी नवी नसते. बंदोबस्तच समोरच्या पक्षाचा असणं मात्र नवं होतं.

पूर्वी पोर्तुगालची वसाहत असलेला आणि इंडोनेशियाने १९७५ मध्ये सैन्य घुसवून घेतलेला हा प्रदेश. संयुक्त राष्ट्रांनी तो ताबा कधीच मान्य केला नव्हता. ५ मे १९९९ ला इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि संयुक्त राष्ट्रांमध्ये करार झाला आणि लोकांना कौल विचारायचं ठरलं: इंडोनेशियात राहून विशेष स्वायत्तता हवी की नको? ‘नको’ म्हटलं तर स्वातंत्र्याची वाट मोकळी. त्याच करारानुसार सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियन पोलिसांकडे राहिली. आमच्या ‘युनामेट’कडे, म्हणजे हे मतदान घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेकडे, जास्तीत जास्त २८० नागरी पोलिस आणि ५० लष्करी संपर्क अधिकारी. सगळे निःशस्त्र. स्वायत्ततेच्या बाजूचे सशस्त्र गट गावोगाव फिरत होते आणि त्यांचे धागेदोरे लष्करापर्यंत जातात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्यांच्यापासून संरक्षण हवं, त्यांच्याच सोयऱ्यांकडून ते मागायचं, असा सगळा मामला.

हाती बंदूक नसली की संरक्षण कार्यपद्धतीतच बसवावं लागतं. नोंदणीपासून आम्ही तेच करत होतो. वय सतरा पूर्ण हवं आणि जन्म पूर्व तिमोरमधला हवा. किंवा आई-वडिलांपैकी एकाचा तरी. किंवा अशा व्यक्तीशी लग्न झालेलं असावं. ज्या केंद्रावर नोंदणी, मतदानही तिथेच. दुबार मतदान रोखायला नियम चोख आहे, पण नोंदणीनंतर ज्याला घर सोडून रानात लपावं लागलं त्याला मतासाठी त्याच गावात परत यावं लागतं, जिथून त्याला हुसकावलं होतं. रात्रभर चालत आलेल्यांत असे पुष्कळ होते. पुन्हा असं काम निघालं तर विस्थापितांसाठी वेगळी केंद्रं आणि वेगळी यादी आधीच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

परदेशातल्या मतदारांचीही सोय होती. सिडनी, डार्विन, पर्थ, मेलबर्न, लिस्बन, मापुतो, मकाव, न्यूयॉर्क आणि खुद्द इंडोनेशियातली जकार्तासारखी पाच शहरं. एकूण नोंदणी ४,५१,७९२. प्रदेशात २०० केंद्रं आणि त्यांत मिळून ८५० मतदान-खोल्या, म्हणजे एका खोलीला सरासरी पाचशेच्या आसपास मतदार. हा आकडा लहान ठेवण्यात शहाणपण होतं. बहुतेकांचं मतदान दुपारच्या आत उरकलं आणि चारला दार बंद करताना बाहेर कोणी ताटकळत नव्हतं.

निरीक्षकांचं संरक्षण हा वेगळाच विषय. वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवी संस्थांची माणसं आली होती. निरीक्षकाला वाटतं, गळ्यातलं ओळखपत्र म्हणजे ढाल. खरं तर तो कुठे आहे हे कोणालातरी सतत माहीत असणं, हीच त्याची ढाल. जोडीशिवाय जायचं नाही. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावायची, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, हत्यारवाल्याला लिफ्ट द्यायची नाही, मग तो पोलिस का असेना. हातातला कमी पल्ल्याचा व्हीएचएफ वायरलेस संच डोंगराच्या कडेआड गेला की मुका होतो, म्हणून लांब पल्ल्याचा एचएफ संच गाडीत हवा आणि ठरल्या वेळी हजेरी द्यायचीच. हजेरी चुकली तर वाट न बघता शोध सुरू. वहीत मतदाराचं नाव, गाव, त्याने काय सांगितलं हे एकत्र कधीच लिहायचं नाही. नाक्यावर झडती झाली तर वही निरीक्षकाची असते, जीव दुसऱ्याचा जातो. बऱ्याच हौशी निरीक्षकांना ही शेवटची गोष्ट पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

खोलीच्या आत मात्र काम आपल्यासारखंच. रिकामी पेटी सगळ्यांना दाखवायची, सील लावायचं, सीलचा क्रमांक मोठ्याने वाचायचा आणि निरीक्षकांनी तो आपापल्या वहीत उतरवायचा. मतपत्रिकेवर चार भाषा आणि दोन चिन्हं होती, त्यामुळे निरक्षरांचं फार अडलं नाही. एक म्हातारी नोंदणीचं कार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन आली होती. मत टाकून झाल्यावर ती दुभाष्या पोराजवळ थांबली आणि पेटीकडे हनुवटीने खूण करत एवढंच विचारलं, “ही आज रात्री गावात राहणार का?” “नाही आजी, दिलीला जाणार,” तो म्हणाला. दिली म्हणजे तिथली राजधानी. तेव्हा कुठे ती हलली.

तिचा प्रश्न बरोबर होता. सगळ्यात धोक्याची वेळ मतदानाची नसते, दार बंद झाल्यावरची असते. गर्दी पांगलेली, दिवस कलायला लागलेला, कर्मचारी थकलेले आणि पेट्या, माणसं, गाडी सगळं एकाच जागी. एर्मेरा जिल्ह्यात अत्साबेजवळ पेट्या गाडीत चढवताना हल्ला झाला. त्या दिवशी युनामेटचे दोन स्थानिक कर्मचारी मारले गेले. म्हणून कागदपत्रं चारच्या आधीच होतील तेवढी भरून ठेवायची, गाडी दाराला टेकवायची, वाहून नेणारे आधीच नेमायचे आणि उजेड असतानाच निघायचं. हल्ला झालाच तर पेटी सोडायची. फेरमतदान घेता येतं.

पेट्या रस्त्याने आणि हेलिकॉप्टरने दिलीला पोहोचल्या. गावात मोजणी नाहीच. दिलीच्या संग्रहालयाच्या इमारतीत आधी प्रत्येक पेटीतल्या पत्रिकांची संख्या केंद्राच्या हिशेबाशी जुळवली, मग सगळ्या जिल्ह्यांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या आणि त्यानंतरच कौल मोजला. कुठल्या गावाने काय सांगितलं हे कोणालाच कळू नये, आम्हालाही नाही. आपल्याकडे कागदी मतपत्रिकांच्या काळात निवडणूक नियमांतल्या ५९-अ प्रमाणे अशी मिसळ करता यायची. मतदान यंत्रं आल्यावर केंद्रवार आकडा उघडा पडू लागला आणि सगळ्यांचा मिळून एकच आकडा देणारं ‘टोटलायझर’ यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं. ते आजही लागू नाही. ‘आम्हाला मत दिलं नाही तर रस्ता विसरा’, असं ऐकलेल्या कुठल्याही गावकऱ्याला त्याचं महत्त्व सांगावं लागणार नाही.

मतदान ९८.६ टक्के झालं. ४ सप्टेंबरला निकाल जाहीर झाला: ७८.५ टक्के लोकांनी स्वायत्तता नाकारली. गाव ओळखून सूड उगवणं मिसळीमुळे अशक्य झालं, तर सूड सरसकट उगवला गेला. दिली जळाली, लाखो लोक देशोधडीला लागले, आणि बहुराष्ट्रीय फौज २० सप्टेंबरला उतरेपर्यंत अडवायला कोणी नव्हतं. मोजणीची पद्धत गावाला वाचवू शकते. अख्ख्या प्रदेशाला वाचवायला निकालाच्या आधीपासून उभी असलेली फौज लागते, आणि तिची तरतूद ५ मेच्या करारात नव्हती.

निरीक्षकांना विमानं मिळाली. दिलीतल्या आमच्या आवारात शिरलेल्या विस्थापितांना आणि स्थानिक सहकाऱ्यांना डार्विनला नेईपर्यंत १४ सप्टेंबर उजाडला, तेही आतल्या युनामेट कर्मचाऱ्यांनी त्यांना सोडून जायला नकार दिल्यावर. जिल्ह्यांतले, त्या आवारापर्यंत पोहोचूच न शकलेले मतदान कर्मचारी कुठल्याच यादीत नव्हते. आता कोणी अशा मोहिमेची सुरक्षा योजना वाचायला दिली की मी मतदानाच्या दिवसाचं पान बाजूला ठेवतो आणि आधी विचारतो: स्थानिक कर्मचाऱ्यांची नावं-पत्ते कोणाकडे आहेत, आणि निकालानंतरच्या पंधरा दिवसांत त्यांना कुठे, कोणत्या गाडीने हलवणार?