गराडूची सुरी: दुसऱ्या पात्याची नोंद

गराडू, म्हणजे माळव्यात तळून खातात तो कंद, कापायला मी घरीच सुरी घडवतो आहे. पोलाद कडक करण्याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो आणि मी त्या शब्दावरच विसंबलो. पहिले पाते लाल करून बादलीत बुडवले, तेव्हा पेला तडकावा तसा बारीक ‘टिंग’ आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर गेली. ट्रकच्या कमानीचे (चाकांवर भार झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) पोलाद तेलात निववायचे असते; शिवाय मी धार आधीच कागदासारखी पातळ घासून ठेवली होती.

दुसऱ्या पात्यासाठी इंदूरच्या लोहामंडीतून जुन्या कमानीचा एक पाटा (पट्टी) आणला. वर्षानुवर्षे भार झेललेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, म्हणून मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग टाकून दिला. घडाई दोन संध्याकाळींत उरकली. या वेळी धारेची कड सुमारे १ मिलिमीटर जाड ठेवली, आणि घणाच्या ठोक्यांनी आलेला ताण जावा म्हणून पाते तीनदा तापवून हवेत थंड होऊ दिले.

भट्टी मुद्दाम तिन्हीसांजेला पेटवली, कारण उन्हात पोलादाचा रंग फसवतो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबक पात्याला चिकटेनासा झाला. तिथेच न थांबता रंग आणखी थोडा उजळू दिला आणि साधारण ५५ अंशांपर्यंत कोमट केलेल्या सोयाबीन तेलात पाते टोकाकडून सरळ खाली सोडले. तेल क्षणभर पेटले, पण डब्याचे झाकण हाताशीच होते. (कचोरीच्या कढईसारखा वास अंगणात रात्रभर रेंगाळला, त्याची तक्रार घरातून रीतसर झाली.) थंड झाल्यावर कानस फिरवली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

इतके कडक पाते ठिसूळ असते, म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवले. घासून उजळलेल्या बाजूवर गव्हाच्या काडाचा फिकट पिवळा रंग चढला.

मूठ शिसवीची ठरली आहे, मात्र पितळी खिळ्यांची भोके पाणी देण्याआधी पाडायची राहून गेली आणि आता ड्रिलचे बिट नुसते चुरचुरते. पात्याला ओले फडके गुंडाळून तेवढा मुठीचा भाग निळा होईपर्यंत तापवावा लागेल, म्हणजे तो मऊ पडून भोके घेईल आणि धारेचा कडकपणा शाबूत राहील. रविवारी ते काम काढले आहे.