एव्हबरीत पश्चिम माझ्या वाट्याला आली

इंग्लंडमधल्या रेडिंगहून स्विंडन रेल्वेने, तिथून ४९ नंबरची बस. स्विंडनच्या बसस्टँडवर माझ्यापुढे दोन बायका कोंकणीत भाजीच्या भावावर बोलत होत्या. या शहरात गोंयकार पुष्कळ, त्यामुळे कान टवकारले तरी नवल वाटलं नाही. सप्टेंबरचा तिसरा शनिवार, माझ्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा आणि निघाले होते कुठे, तर ड्रुइडांच्या शरद संपाताच्या (दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाच्या) विधीला. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेतलेला आजचा निसर्गपूजक पंथ.

एव्हबरीचं प्राचीन उभ्या दगडांचं वर्तुळ सव्वातीनशे मीटरहून रुंद आहे. आत अख्खं गाव, एक पब आणि मधून जाणारा हमरस्ता. म्हणून ‘दगडांपाशी भेटू’ हा पत्ता नाही. कुठल्या बाजूच्या, कुठल्या दगडापाशी, ते आधी नक्की विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. पूर्वेच्या बांधावर मुळं उघडी पडलेली ‘बीच’ जातीची झाडं आहेत, लोक त्यांना फिती बांधतात. वडाचं सूत आणि नवसाच्या चिंध्या पाहत वाढलेल्या माणसाचे पाय आपोआप तिकडेच वळतात. तिथे साठीच्या आसपासची एक बाई गुडघ्यावर बसून कात्रीने नायलॉनच्या फिती कापत होती. सुती फिती तशाच ठेवायची, नायलॉनच्या तेवढ्या खिशात. “कुजत नाहीत या, झाडाला काचतात,” म्हणाली. मी विचारलं, ड्रुइड कुठे जमलेत? “चल, मीही तिकडेच निघालेय.”

दक्षिणेच्या प्रवेशाजवळच्या दोन प्रचंड दगडांपाशी पंचवीसेक माणसं होती. पांढरे झगे चार-पाच, बाकी रेनकोट. कात्रीवाल्या बाईने खिसा पिशवीत रिकामा केला, झगा चढवला आणि वर्तुळाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. विधी तीच चालवणार होती.

मी गेले होते ती पुढारी कोण, हे बघायला. या पंथाचा इतिहास ऐकला तर आपल्या गणेश मंडळांची आठवण येते. १९६४ मध्ये जुन्या संघाच्या प्रमुखाच्या मृत्यूनंतर निवडीवरून वाद झाला, तेव्हा रॉस निकल्स बाहेर पडले आणि त्यांनी बार्ड (कवी), ओव्हेट (द्रष्टा) आणि ड्रुइड अशा तीन पायऱ्यांचा नवा संघ काढला. फिलिप कार-गॉम यांनी तो १९८८ पासून २०२० पर्यंत सांभाळला आणि मग आयर्लंडच्या इमर बर्क यांच्या हाती सोपवला. अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो. पण नुसतं घरी वाचून माणसं भेटत नाहीत. त्यासाठी जवळचा ‘ग्रोव्ह’, म्हणजे स्थानिक गट, शोधावा लागतो. वर्षातून आठ सण असतात. एकदा येऊन फोटो काढून गेलात तर पाहुणे राहाल. चार वेळा आलात तर कपबशा तुमच्या हातात येतील.

आधी चारही दिशांना शांती असो म्हणतात, मग दिशांचं आवाहन. पूर्वेला वारा आणि ससाणा, दक्षिणेला अग्नी आणि काळवीट (खरं म्हणजे त्यांचं रेड डिअर), पश्चिमेला पाणी आणि सामन मासा, उत्तरेला पृथ्वी आणि अस्वल. पश्चिमेचा माणूस वाहतुकीत अडकला होता. बाईने सगळ्यांकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. “तू घेशील?” कागद पुढे आला, पावसाने त्यावरची शाई पसरली होती. मी रत्नागिरीची. आम्हाला पश्चिम शिकवावी लागत नाही, तिकडे समुद्र असतो. कागद घडी करून खिशात टाकला आणि पाण्याला, माशाला दोन वाक्यांत बोलावलं. दुसरं वाक्य मराठीत निघालं. कुणी वळूनही पाहिलं नाही. शिवाय या सणाचं नाव अल्बान एल्वेद (Alban Elfed), अर्थ सांगतात पाण्यावरचा प्रकाश. (वेल्शमध्ये एफचा उच्चार व होतो, मोठ्याने वाचण्याआधी विचारा.)

प्रार्थनेतली गंमत पहिल्याच ओळीत आहे. देव, देवी की चैतन्य, ज्याने-त्याने आपला शब्द घालायचा. पंचवीस माणसं एकाच क्षणी वेगवेगळं बोलतात, त्या जागी नुसता गलका होतो आणि पुढच्या शब्दावर सगळे पुन्हा एकत्र येतात.

विधी अर्ध्यावर आला तेव्हा पश्चिमवाला धापा टाकत आला. बांधलेलं वर्तुळ ओलांडायचं नसतं; बाहेर थांबायचं, आतलं कुणी हवेत हाताने दार उघडतं, मग यायचं. शेवटी दिशांना निरोप द्यायच्या वेळी बाईने त्याला खुणावलं. त्याने मान हलवली. “बोलावलं हिने, पाठवणीही हीच करेल.”

हे दगड ड्रुइडांनी उभारलेले नाहीत. ते साडेचार हजार वर्षांच्या आसपासचे, ड्रुइडांचे उल्लेख त्यानंतर कितीतरी काळाने येतात. हे तिथल्या कुणालाही सांगायची गरज नाही, तेच तुम्हाला सांगतील.

जाणाऱ्यांनी पकडीचे बूट घालावेत. तिथली जमीन खडूची, ओली झाली की फार निसरडी आणि त्यात मेंढ्यांच्या लेंड्या. दगडांना हात लावता येतो, पण त्यांवर मेणबत्त्या लावू नका. झगा लागत नाही. विधीचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. नंतर गाणी, गोष्टी होतात, एखादी ओवी पाठ असेल तर म्हणा. खाऊ सगळ्यांत वाटायचा असतो, पण निम्मे लोक व्हीगन निघाले आणि माझे तुपातले लाडू उरले. चिक्की न्या. परतीच्या शेवटच्या बसची वेळ येतानाच बघून ठेवा, रविवारी बस कमी असतात.

निघताना बाई बूट पुसत म्हणाली, “साव्हिनला (म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या सणाला) उत्तर दिशा रिकामी आहे. आणि माझ्या कात्रीची धार गेलीय, येताना एक घेऊन ये.”