आमची वाटचाल : समोरच्या सड्यावरून

गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं येईलच. रंकाळा मागं टाकून हळदी-परित्याच्या रस्त्यानं राधानगरी गाठायची आणि दाजीपूरच्या अंगाला वर चढायचं, एवढं पुरे.

२००७ साली शहरातला ट्रॅव्हल्सचा धंदा धाकट्या भावाच्या हवाली करून पाहुण्यांना जंगल दाखवायच्या धंद्यासाठी मी इथं एक कौलारू घर भाड्यानं घेतलं. चार खोल्या, मागं ओढा. दाजीपूरचं जंगल १९५८ साली अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, तेही गव्यासाठी. पण कोल्हापूरकर इकडं यायचा तो धरणावर फिरायला आणि झाडाखाली चुलीवरचं मटण शिजवायला. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की अख्खा जिल्हा पाण्याची पातळी विचारतो. त्या पाण्याच्या वर साडेतीनशे चौरस किलोमीटर जंगल उभं आहे, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर राधानगरीचं नाव आलं, तेव्हा कुठं पुण्या-मुंबईचे फोन सुरू झाले.

धंद्यात पहिल्या दिवसापासून चार आणे हिस्सा धनगरवाड्यावरच्या मामांचा. कागदावर लिहून दिलेला. मामा शाळेत गेलेले नाहीत, पण चुलीतली राख फडक्यात बांधून घेतल्याशिवाय ते पाहुण्यांना घेऊन बाहेर पडत नाहीत. वळणावर थांबायचं, चिमूटभर राख सोडायची, ती कुठं उडते ते बघायचं आणि मग वाट ठरवायची. सुरुवातीला माझा एक गट वाऱ्याच्या बाजूनंच कळपावर निघाला होता. मामांनी हात आडवा घातला, "गवा बगाय चाललायसा, का गव्याला दाखवाय?" गव्याची नजर चुकवता येते, नाक चुकवता येत नाही. खांद्याशी सहा फूट उंच जनावर वास लागला की दोन मिनिटांत कारवीत असं नाहीसं होतं, की नव्या माणसाला वाटावं आपल्याला भास झाला.

दुसरे आमचे इचलकरंजीचे डॉक्टर. २००८ च्या एप्रिलमध्ये पत्नीबरोबर आले, चार रात्री राहिले, आणि तेव्हापासून प्रत्येक एप्रिल त्यांचा. त्यांच्याकडं जाड पुठ्ठ्याची वही असते. वेळ, पक्षी, झाड, काय खात होता, एवढंच लिहितात. चार दिवस धुक्यात काही दिसलं नाही तरी ठरलेले पैसे पूर्ण देतात, वर मामांच्या नातवंडांना पेन्सिलींचा डबा.

दुर्बिणीबद्दल थोडं सांगतोच, कारण पाहुणे दर वेळी चुकीची घेऊन येतात. दुकानदार १० बाय ५० गळ्यात मारतो. आमच्या जंगलाला ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या काचेची. दहाच्या पटीत हाताचा थरकापही दहा पट होतो, त्यात ५० ची काच अर्ध्या तासात मान अवघडवते. वजनासाठी १० बाय ४२ घ्याल, तर उजेड कमी पडतो. ८ बाय ४२ मधून डोळ्याला सव्वापाच मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत मिळतो, १० बाय ४२ मधून जेमतेम चार. कर्णा पक्षी सावलीत फांदीवर गप बसलेला असतो, तिथं हा एक मिलिमीटर कामाला येतो.

२०१७ पर्यंतचा काळ बरा गेला. हप्ते फिटले, जीप आली.

मग खाली रस्त्यालगत रिसॉर्ट झालं. पोहण्याचा तलाव, रात्री गाणी, "धनेशाचा फोटो नक्की" अशी जाहिरात. त्याचंही मला काही वाटलं नसतं. पण ज्या पोराला मी सहा वर्षं हाताशी धरून शिकवला, पहिली दुर्बीण ज्याच्या गळ्यात मी घातली, तो दुप्पट पैशावर तिकडं गेला आणि जाताना गावच्या देवराईतला बेहडा घेऊन गेला. म्हणजे झाड जागेवरच; त्याचा पत्ता गेला.

त्या बेहड्याच्या ढोलीत कवड्या धनेशाची जोडी दर वर्षी घर करते. मादी आत शिरते आणि विष्ठेनं दार लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. अडीच-तीन महिने ती आणि पिल्लं नराच्या जिवावर. नर उंबर, नांद्रुक गळ्यात भरून आणतो आणि एकेक फळ वर काढून फटीतून देतो. नर आला नाही तर आतल्यांना दुसरा कुणी नाही.

२०१८ चा एप्रिल. डॉक्टर, मामा आणि मी लांब थांबून बघत होतो. झाडाखाली अकरा माणसं, तोफांसारख्या लेन्सा, फ्लॅश, एकाच्या हातात धनेशाचा आवाज वाजवणारा स्पीकर. मी शिकवलेला तो पोरगा त्यांना जागा वाटून देत होता. नर दोनदा आला, समोरच्या आंब्यावर बसला, चोचीत फळ दिसत होतं, आणि परत गेला. सात ते साडेदहा, एकदाही ढोलीवर उतरला नाही. डॉक्टरांच्या वहीत त्या सकाळी वेळा आहेत आणि पुढं रिकाम्या जागा आहेत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या एकदा वाचा. पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं हीसुद्धा शिकार आहे. मी हे लिहून तक्रार दिली. पोच मिळाली. पुढं काही झालं नाही, आणि ती पोच अजून माझ्या कपाटात आहे.

मामांनी गावकी बोलावली. देवळात दोन तास बैठक चालली. ठरलं असं, की मादीनं दार लिंपल्यापासून पिल्लू उडेपर्यंत देवराईत कुणी पाय ठेवायचा नाही. मी मान हलवली. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "तुम्ही बी न्हाई." मी मामांकडं बघितलं. मामा खाली बघत होते. त्यांचाही हात वर होता.

खरं सांगायचं तर त्या रात्री मी जेवलो नाही. दहा वर्षं त्या झाडाला जपलं ते आम्ही, आणि बंदी दोघांना सारखीच. आज मला गावकीचं पटतं, पण तेव्हाचं लागणं अजून गेलेलं नाही.

एप्रिल-मेच्या सहली बसल्या. फोटोवाले सगळे खाली गेले, तिथं दुसऱ्या झाडांवर तोच प्रकार चालू झाला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि दिवाळीपर्यंतची बुकिंगं रद्द झाली. सावरतोय तोवर मार्च २०२०. जीप विकली. कौलं शाकारायला पैसे नव्हते, दोन खोल्या गळत होत्या. मामांनी दोन वर्षं आपले चार आणे घेतले नाहीत. मी पाकीट नेलं की ते गोठ्यात जाऊन बसत.

या धंद्यात येऊ बघणाऱ्या पोरांना सांगतो, वाटाड्याला फेरीवर पैसे देऊ नका, बारा महिन्यांचा पगार द्या. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं तेव्हाही द्या. मी त्या पोराला पावसाचे चार महिने मोकळं सोडत होतो, आणि दुप्पट पैशाची बोली त्याला त्याच चार महिन्यांत आली. सहापेक्षा मोठा गट घेऊ नका. आणि जनावर दिसेलच असं फोनवर कधी कबूल करू नका, पाहुणा कितीही मोठा असो.

टाळेबंदी उठल्यावर डॉक्टर आले ते डिकीत स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण, घेऊन. वीस ते साठ पट, ८० मिलिमीटरची काच, जड तिकाटणं. म्हणाले, "माझ्या घरी धूळ खातोय." डबा नवा कोरा होता, आतली पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

आता आम्ही देवराईत जात नाही. ओढ्यापलीकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर जातो. तिथून बेहडा हवेतल्या हवेत तीनशे मीटर. साडेसहाला तिकाटणं मांडायचं, पाय दगडांनी दाबायचे, कारण सड्यावर वारा असतो. नाचणीची भाकरी आणि खर्डा बरोबर. पाहुणे पाळीपाळीनं डोळा लावतात. फोटो कुणाला मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं असतं. तरी यंदाचा एप्रिल पूर्ण भरला.

डॉक्टरांच्या वहीतलं यंदाचं एक पान मी उतरवून घेतलं आहे. ७.१०, नर, उंबर. ७.५२, नर, उंबर. ८.४०, नर, फळ ओळखू आलं नाही. ९.१५, नर, नांद्रुक. मामा स्कोपला डोळा लावत नाहीत. ते राखेचं फडकं मांडीवर घेऊन बाजूला बसतात आणि नर दिसायच्या आधीच म्हणतात, "आला बगा."