शेतातला रोजचा चाकू: निवडताना आणि सांभाळताना आलेला माझा अनुभव

चाकू घेण्याआधी मी आठ दिवस एक छोटी वही सोबत ठेवली. शेतात, गोठ्यात काहीही कापायची, सोलायची, भोक पाडायची वेळ आली की दोनच गोष्टी लिहायच्या: काय कापलं आणि कशानं कापलं. आठव्या दिवशी संध्याकाळी मोजलं तेव्हा ६३ नोंदी निघाल्या. २६ वेळा सुतळी किंवा दोरी, ११ वेळा पोत्यांची तोंडं, १० वेळा फुटवे आणि बारीक फांद्या, ९ वेळा ठिबकची नळी, बाकी ७ किरकोळ. यातल्या जेमतेम १४ ठिकाणी चाकू वापरला होता. उरलेलं सगळं विळ्यानं, कात्रीनं, हातानं ओढून आणि सहा वेळा दातानं.

ही वही सुरू केली ती वासरामुळे. दावं खुंट्याभोवती गुंडाळत गुंडाळत ते इतकं जवळ आलं होतं की पाय घसरल्यावर त्याला उठताच येईना, आणि गळ्यातला फास प्रत्येक धडपडीबरोबर आवळत होता. गाठ बोटांनी सुटण्यापलीकडे गेली होती. माझा घडीचा चाकू होता, पण तो आत खुंटीला टांगलेल्या पिशवीत. धावत जाऊन आणला तर उघडेना. सांध्यात चिखल वाळून बसला होता, आतून गंज धरला होता, आणि पात्याला नखानं ओढायची खाच माझ्या ओल्या बोटांतून निसटत होती. शेवटी विळा घेतला. गळा आणि दोरी यांच्यामध्ये डाव्या हाताची दोन बोटं घालून विळ्याचं टोक बाहेरच्या बाजूला ओढलं. वासराची कातडी आणि माझी बोटं वाचली, पण विळ्याची ती वाकडी धार मानेच्या इतक्या जवळ फिरताना मी पाहिली आहे. वासरू उठून उभं राहिलं तरी माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते.

म्हणून निवडताना पहिली अट ठरली ती अंगावर राहण्याची. पोलाद, आकार वगैरे नंतर. माझ्या कामाच्या कपड्यांना धड खिसे नाहीत, आणि असले तरी वाकल्यावर त्यातून वस्तू पडतात. मग शर्टावरून एक रुंद पट्टा बांधायला लागले. म्यान पट्ट्याला कुठे अडकवायचं हे ठरवायलाही चार दिवस गेले. अगदी पुढे असलं की उकिडवं बसताना मूठ पोटात रुतते. मागे मणक्यावर असलं की पाय घसरून पडलं तर तिथेच मार लागायचा. उजव्या कमरेच्या हाडाच्या किंचित पुढे ही जागा मला सोयीची पडली. तिथे बसता येतं, वाकता येतं आणि न बघता हात जातो.

दुसरा प्रश्न, घडीचा की सरळ पात्याचा. घडीचा खिशात मावतो, दिसायला सौम्य, आणि रोज पुसून तेल घालणाऱ्या माणसाला तो उत्तम साथ देतो. पण त्याला सांधा आहे, आणि शेतात सांध्यात माती जाणारच. शिवाय त्या जुन्या चाकूला लॉक नव्हतं, पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहायचं. एकदा टोकानं नळीला भोक पाडत होते. टोक अडकलं, मी जोर लावला आणि पातं फिरून तर्जनीवर मिटलं. जखम फार खोल नव्हती, पण हात मातीनं आणि शेणानं भरलेला. धनुर्वाताचे जिवाणू नेमके तिथेच असतात. माझं आधीचं इंजेक्शन पाच वर्षांपेक्षा जुनं होतं, म्हणून त्याच दिवशी पुन्हा घेतलं. एरवी दर दहा वर्षांनी घ्यायचं, पण जखम मळलेली असेल तर पाच वर्षं उलटल्यावर डॉक्टर पुन्हा देतात. शेतात चाकू वापरणाऱ्या प्रत्येकानं आपली ती तारीख कुठेतरी लिहून ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

तर घडीचा घ्यायचाच असेल तर पक्कं लॉक असलेला घ्यावा, आणि लॉक असलं तरी टोकावर दाब देऊन भोक पाडू नये, त्या कामाला टोचा वापरावा. मी सरळ पात्याचा घेतला. सांधा नाही, उघडायचं काही नाही, पाण्याखाली धरून धुतला की झाला.

पात्याची लांबी आठ सेंटिमीटर. दुकानात हात आपोआप मोठ्या चाकूकडे जातो, पण माझ्या वहीतल्या ६३ कामांपैकी एकालाही त्याहून लांब पातं लागलं नसतं. उलट लहान पात्याचं टोक नेमकं कुठे आहे हे हाताला कळतं. जाडीबाबत मात्र माझा आग्रह आहे. चार-पाच मिलिमीटर जाड पाठीचे चाकू मजबूत म्हणून विकले जातात. ते मजबूत असतातही, पण कापायचं सोडून फाकवतात. ठिबकच्या नळीत जाड पातं घातलं की नळी चेपते आणि काप तिरका जातो, मग जोड बसवला की तिथून पाणी गळतं. दोन ते अडीच मिलिमीटर पुरे. फांदी फोडायला कोयता आहे, तार तोडायला पकड आहे, चाकूवर ती कामं लादायची नाहीत.

आकारात मी बरेच दिवस अडले. धार सरळ आणि पाठ टोकाकडे गोल उतरत धारेला मिळते असं एक पातं असतं, इंग्रजीत त्याला शीप्सफूट म्हणतात. त्याला टोचणारं टोक नसतं, म्हणून हलत्या जहाजावर काम करणारे खलाशीही ते पसंत करायचे. जनावराजवळ दोरी कापायची तर हाच आकार सगळ्यांत बिनधोक. गुरं पाळणाऱ्यांसाठी अमेरिकेत जो स्टॉकमन नावाचा तीन पात्यांचा घडीचा चाकू रूढ झाला, त्यातही एक पातं बहुधा हेच असतं. आतल्या बाजूला वळलेलं, पोपटाच्या चोचीसारखं पातं छाटणीला सुरेख, पण ते सपाट दगडावर धारेला लावता येत नाही. करवती दातांचं पातं ओल्या प्लॅस्टिकच्या दोरीवर झरझर चालतं, पण बोथट झालं की घरी काही करता येत नाही. वासराची मान डोळ्यांपुढे होती, त्यामुळे मी शीप्सफूटच घेतला.

मूठ निवडताना मी एक गोष्ट केली ती सगळ्यांना सांगते. हात ओला करून मूठ धरली. माझा हात लहान आहे, बहुतेक मुठी माझ्या बोटांना पुऱ्या वेढता येत नाहीत. कोरड्या हातात छान वाटलेल्या दोन मुठी ओल्या हातात सुळकन फिरल्या. शिवाय मुठीच्या पुढच्या टोकाला बोट अडेल असा उंचवटा हवाच, नाहीतर जोर लावताना हात घसरून थेट धारेवर जातो. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आहे ना, तेही पाहिलं. आणि रंग भडक नारिंगी घेतला. तपकिरी मुठीचा चाकू गवतात ठेवला की मातीचाच होऊन जातो.

पोलादाची माहिती मात्र मला लोहारकाकांनी दिली. मी म्हटलं, सगळ्यांत कडक पोलाद सांगा. ते म्हणाले, "पोरी, कडक घेशील तर धार तुला लावता येणार नाही, आणि दगडावर आपटलं की कपचा उडेल." साधं कार्बन पोलाद दगडावर पटकन धार घेतं, पण ओलाव्यात रात्रीतून गंजतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, चाकूच्या पोलादात साधारण १३ टक्के किंवा जास्त, आणि त्याचा अगदी पातळ थर वरून गंज अडवतो. अडवतो म्हणजे लांबवतो. रॉकवेल मापात ५६ ते ५८ कडकपणाचं साधं स्टेनलेस शेताला पुरतं. ६० च्या वरचं पोलाद धार जास्त दिवस धरतं खरं, पण मातीनं भरलेल्या दोरीपुढे कुठलंच पोलाद फार टिकत नाही. दोरीत अडकलेले वाळूचे कण पोलादाहून कठीण असतात. तेव्हा रोज बोथट होणार हे धरूनच, पाच मिनिटांत पुन्हा धार लागेल असं पोलाद मी घेतलं.

कलमाचा चाकू वेगळा ठेवला आहे, आणि तो कार्बन पोलादाचा आहे. त्याला एकाच बाजूनं धार असते, म्हणून काप सपाट येतो आणि खुंट (खालचं रोप) व काडी (त्यावर बसवायची फांदी) फट न राहता चिकटून बसतात. डावखुऱ्यांनी धारेची बाजू पाहून घ्यावी. त्या चाकूनं मी पोतं उघडत नाही, कुणाला उघडूही देत नाही.

आता सांभाळण्याबद्दल. पहिल्याच पावसात मला धडा मिळाला. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून तीन दिवस दुसऱ्या कामात होते. काढला तर पात्यावर तांबूस ठिपके, आणि धारेवर बारीक खड्डे. चामडं ओल धरून ठेवतं. आता म्यान प्लॅस्टिकचं आहे, तळाला पाणी निथळायला भोक असलेलं, आणि रात्री चाकू म्यानाबाहेर राहतो. खताचं पोतं कापल्यावर तर लगेच धुते, कारण खताचे क्षार हवेतली ओल ओढून स्टेनलेसलाही खातात. धुवायचं, कोरडं पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं. कलमाच्या चाकूवर हळूहळू करडी-निळसर छटा चढते, ती घासून काढायची गरज नाही. तो गंज नव्हे, उलट तो थर पोलादाला थोडं राखतो. लाल दिसलं तरच घासायचं.

धार लावायला मी आधी विजेच्या ग्राइंडरवर गेले होते, त्या जुन्या चाकूसह. ठिणग्या उडाल्या, धार चकचकीत झाली, आणि टोकाजवळ एक निळा पट्टा उमटला. साध्या पोलादावर निळा रंग म्हणजे ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, तिथली धार पुन्हा कधी टिकली नाही. तेव्हापासून फक्त दगड, ओला दगड.

दगडावर मला खरी अडचण होती ती कोनाची. वीस अंश म्हणजे किती, हे हाताला कसं कळणार? लोहारकाकांनी सोपं माप दिलं: पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी पाठ दगडापासून उचल. माझं पातं २४ मिलिमीटर रुंद, म्हणजे पाठ आठ मिलिमीटर वर. तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी मी शेजारी ठेवते, सुरुवातीला पाठ तिच्यावर टेकवून बघते, मग पट्टी काढून तोच कोन धरते. आणि धारेवर मार्कर पेननं काळी रेघ ओढते. चार घासांनंतर रेघ फक्त पाठीकडच्या बाजूनं पुसली गेली असेल तर कोन कमी आहे, फक्त अगदी कडेला पुसली असेल तर जास्त.

मग एका बाजूनं घासत राहायचं, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला कड, म्हणजे घासलेल्या पोलादाची उलटलेली बारीक किनार, येत नाही. ही कड डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याचं बोंड पाठीकडून धारेच्या बाहेर हलकेच सरकवलं की ते किंचित अडखळतं, नखाच्या कडेला धागा अडकावा तसं. पहिल्या दिवशी मला ती मुठीजवळ लागली आणि टोकाला लागली नाही, म्हणजे टोकाकडे मी कोन सोडत होते. पुन्हा तिथेच घासलं. पूर्ण लांबीभर कड लागली की बाजू बदलायची. मग दाब कमी करत आळीपाळीनं, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-दहा हात, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. पहिल्यांदा कागद उभा धरून पातं टेकवलं आणि तो आवाज न करता दोन झाला, तेव्हा मी तोच कागद कापत कापत पार संपवला. रोजच्याला १००० नंबरचा बारीक दगड पुरतो, ४०० चा खरबरीत दगड फक्त धारेला खाच पडली तर.

एक गोष्ट मला उशिरा कळली. रोगट झाड कापून तोच चाकू निरोगी झाडाला लावला तर रोग आपणच नेतो. टोमॅटो-मिरचीवरचा तंबाखू मोझॅक विषाणू आणि जिवाणूजन्य मर, दोन्ही अवजारांवरून पसरतात. बुरशी-जिवाणूंसाठी ७० टक्के अल्कोहोलचा फडका पट्ट्याला बांधून ठेवते, झाड बदललं की पुसते. ब्लीचचं पाणीही चालतं, पण ते पोलाद खातं, लगेच धुवावं लागतं. मोझॅक दिसला की मात्र त्या झाडाला चाकूच लावत नाही, ते उपटून टाकते आणि हात साबणानं धुते.

परवा पुन्हा आठ दिवस वही ठेवली. ५८ नोंदी, त्यांतल्या ४७ चाकूच्या, दाताची एकही नाही. उरलेल्या ११ मध्ये सहा जाड फांद्या होत्या, त्या सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) कापल्या, आणि पाच तारा, त्या पकडीनं. वासराच्या दाव्याला आता फिरती कडी बसवली आहे, शिवाय गाठ एका ओढीत सुटेल अशी बांधते. म्यानाची क्लिप थोडी सैल झाली आहे, ती उद्या बदलायची.